ट्रॅक्टरसोबतची हत्यारपेटी : पेरणीच्या दिवसांत काय जवळ ठेवावे, काय शिवारातच दुरुस्त करावे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत खरिपाची बरीच पेरणी आता ट्रॅक्टरवर होते. ट्रॅक्टर चांगल्या अवस्थेत असतो, बियाणे-खत घरात असते, वाफसाही आलेला असतो. आणि एक लिंच पिन किंवा पेरणी यंत्राच्या साखळीची जोडकडी तुटल्याने काम थांबते. भाग अगदी किरकोळ असतो, पण तो आणायला तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. हे टाळण्यासाठी ट्रॅक्टरसोबत कोणती हत्यारे आणि कोणते सुटे भाग ठेवावेत, ती निवड कशी करावी आणि कोणती दुरुस्ती शिवारात करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

पेटीचा हिशेब वेळेचा आहे

सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, जमिनीत पुरेशी ओल असताना करावी आणि ती साधारण १५ जुलैपर्यंत उरकावी, अशी शिफारस आहे. मूग आणि उडदाला त्याहूनही कमी मुदत मिळते. ही मुदत कागदावर महिन्याभराची दिसते. प्रत्यक्षात भारी काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात आणि पेरता येईल असे मोजकेच दिवस हाती राहतात. त्यात पुन्हा पाऊस आला की थांबावे लागते.

आता पुढचा हिशेब पाहा. पाच दात्यांचे पेरणी यंत्र, दोन ओळींत ४५ सेंमी अंतर, म्हणजे कामाची रुंदी सव्वादोन मीटर. ताशी ४ किमी वेग धरला आणि वळणे, बियाणे भरणे यात तीस टक्के वेळ गेला असे मानले, तर तासाला सुमारे दीड एकर पेरणी होते. एका पिनेसाठी तालुक्याला जाऊन यायला तीन तास लागले तर साडेचार एकर पेरणी राहते. संध्याकाळी पाऊस आला तर ती साडेचार एकर पुढच्या वाफशावर जाते. म्हणून पेटीत काय असावे हे ठरवताना त्या वस्तूची किंमत पाहू नका. ती नसेल तर किती एकर अडतील ते पाहा.

आधी फेरी, मग खरेदी

बाजारात तयार पाना-सेट मिळतो. तो घेण्यात चूक नाही, पण त्यातले निम्मे पाने तुमच्या ट्रॅक्टरला लागत नाहीत आणि जो लागतो तो नेमका त्यात नसतो. त्यापेक्षा मे महिन्यात एक तास काढा. वही-पेन घ्या, ट्रॅक्टरला अवजार जोडा आणि पुढच्या चाकापासून सुरुवात करून पूर्ण फेरी मारा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा :

- हा नट किंवा बोल्ट ढिला झाला, तर कोणता पाना लागेल?
- हा भाग तुटला किंवा हरवला, तर काम थांबेल का?
- थांबत असेल, तर तो शिवारात बदलता येतो का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून हत्यारांची यादी होते. दुसऱ्या आणि तिसऱ्यातून सुट्या भागांची. हीच फेरी नांगर, मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप आणि ट्रॉली यांच्याभोवतीही मारा. प्रत्येक अवजाराला एक पान द्या.

बोल्ट आणि पाना यांचा मेळ लक्षात ठेवायला सोपा आहे :

- ६ मिमी बोल्ट : १० नंबरचा पाना
- ८ मिमी बोल्ट : १३ नंबर
- १० मिमी बोल्ट : १७ नंबर (काही नव्या यंत्रांत १६)
- १२ मिमी बोल्ट : १९ नंबर (काही नव्या यंत्रांत १८)
- १४ मिमी बोल्ट : २२ नंबर (काही ठिकाणी २१)
- १६ मिमी बोल्ट : २४ नंबर
- १८ मिमी बोल्ट : २७ नंबर
- २० मिमी बोल्ट : ३० नंबर

जुन्या आणि गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या अवजारांना इंची बोल्ट असू शकतात. तिथे मिलिमीटरचा पाना थोडा सैल बसतो, घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. असे बोल्ट फेरीतच ओळखा आणि शक्य असेल तिथे बदलून सगळे एका मापाचे करा. मापे जितकी कमी, तितकी पेटी हलकी.

मूळ हत्यारे

पुढील हत्यारे कोणत्याही हंगामात ट्रॅक्टरवर असावीत :

- दुतोंडी पाने : १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२, २४-२७, ३०-३२
- याच मापांचे रिंग पाने. घट्ट बसलेला नट सोडवायला रिंग पानाच वापरा, तो घसरत नाही.
- १७, १९ आणि २४ या मापांचा दुसरा पाना. बोल्ट फिरत असेल तर एका बाजूने धरायला आणि दुसऱ्या बाजूने फिरवायला दोन पाने लागतात.
- एक मध्यम स्क्रू पाना आणि एक पाईप पाना
- पक्कड, टोकदार पक्कड
- चपटा आणि फुलीचा पेचकस, लहान व मोठा
- एक किलोचा हातोडा, छिन्नी, पिना ठोकून काढण्यासाठी पंच
- टॉमी (पहार) : अवजार जोडताना भोक भोकासमोर आणायला
- लोखंड कापायची करवत आणि दोन जादा पाती
- कानस
- व्हील पाना आणि त्यावर चढेल असा दोन-अडीच फुटांचा पाईप
- भरलेली ग्रीस गन, गंज सैल करणारे तेल
- टेस्ट लॅम्प : बाराव्होल्टचा बल्ब आणि दोन वायर एवढेच पुरते
- डोक्याला लावायची बॅटरी. दोन्ही हात मोकळे राहतात.

पाने चांगल्या पोलादाचे घ्या. स्वस्त पान्याचे तोंड फाकते, मग नट खराब होतो आणि पाच मिनिटांचे काम वेल्डिंगवाल्याकडे जाते.

सुटे भाग : पेटीचा खरा जीव

हत्यार शेजाऱ्याकडून मिळते. पिन मिळत नाही, कारण त्याच दिवशी त्याचीही पेरणी चालू असते. म्हणून या विभागात हात आखडता घेऊ नका.

जोडणीचे भाग : लिंच पिना किमान सहा, स्प्लिट पिना ३, ४ आणि ५ मिमीच्या प्रत्येकी दहा, टॉप लिंकची एक जादा पिन, खालच्या लिंकची एक जादा पिन. पिना घेताना माप पाहा. लहान वर्गाच्या जोडणीला वरची पिन १९ मिमी आणि खालची २२ मिमी असते. मोठ्या वर्गात वरची २५ आणि खालची २८ मिमी. ट्रॅक्टर एका वर्गाचा आणि भाड्याचे अवजार दुसऱ्या वर्गाचे असेल तर मधले बुश लागतात. तेही पेटीत ठेवा.

बोल्ट : १०, १२ आणि १६ मिमीचे, तुमच्या अवजाराला लागतात त्या लांबीचे प्रत्येकी सहा. सोबत नट, सपाट वॉशर आणि स्प्रिंग वॉशर. ढेकळांच्या रानात अवजाराला सतत हादरे बसतात, स्प्रिंग वॉशरशिवाय नट टिकत नाही.

इंजिनाचे भाग : एक फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा व खालचा होज पाईप, त्यांच्या मापाच्या चार क्लिपा, एक डिझेल फिल्टर, डिझेल नळीच्या जोडांचे तांब्याचे वॉशर, फूटभर डिझेल नळी, तुमच्या ट्रॅक्टरला लागतील ते फ्यूज, दोन मीटर वायर आणि टेप.

तात्पुरत्या कामाचे साहित्य : बांधणीची तार, एम-सील, टेफ्लॉन टेप, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, नायलॉनची दोरी, रिकामे पोते. ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळली तर रेडिएटरच्या फाटलेल्या होजवर घरी पोहोचण्यापुरते काम भागते.

द्रव : पाच लिटर स्वच्छ पाणी, एक लिटर इंजिन ऑइल, अर्धा लिटर हायड्रॉलिक ऑइल. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वारंवार टाकू नका. अडचणीत टाकावे लागलेच, तर हंगाम संपल्यावर रेडिएटर धुऊन कूलंट भरून घ्या.

शिअर बोल्ट : तुटणे हेच त्याचे काम

रोटाव्हेटर आणि इतर काही अवजारांच्या शाफ्टवर शिअर बोल्ट असतो. दगड किंवा जुनी मुळी अडकली की तो आधी तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. असा बोल्ट दोन-तीनदा तुटला की वैतागून त्या जागी मजबूत बोल्ट घालणारे बरेच जण आहेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात; आकडा मोठा तितका बोल्ट कठीण. कंपनीने जो दर्जा सांगितला आहे त्याहून कठीण बोल्ट घातला तर पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. पुस्तिकेत दिलेल्या मापाचे आणि दर्जाचे सहा बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर नाव लिहून ठेवा. तो वारंवार तुटत असेल तर खोली कमी करा, वेग कमी करा, रान आधी मोगडून घ्या.

पेरणी यंत्राची वेगळी डबी

पेरणीच्या दिवसांसाठी एक लहान डबी स्वतंत्र करा :

- बियाणे फिरवणाऱ्या साखळीच्या चार जोडकड्या आणि वीतभर साखळी
- बी-नळीचा एक मीटर तुकडा आणि क्लिपा
- सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या चकत्या, प्रत्येकीवर पिकाचे नाव
- दात्याचे टोक एक-दोन, त्यांच्या बोल्टांसह
- चोकअप काढायला वाकवलेली जाड तार
- तीन मीटरचा टेप
- एक लहान वजनकाटा आणि पाच प्लास्टिक पिशव्या

शेवटच्या दोन वस्तू दुरुस्तीच्या नाहीत, तरी त्या पेटीत असायलाच हव्यात. पेरणी यंत्र बंद पडले तर लगेच दिसते. ते चुकीचे पेरत असेल तर आठ दिवसांनी दिसते, आणि तेव्हा दुबार पेरणीशिवाय पर्याय राहत नाही.

तपासणी अशी करा. प्रत्येक बी-नळीखाली पिशवी बांधा आणि यंत्र ५० मीटर चालवा. सव्वादोन मीटर रुंदीने ५० मीटर म्हणजे ११२.५ चौरस मीटर. हेक्टरी ६५ किलो बियाणे धरले तर या अंतरात एकूण सुमारे ७३० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून साधारण १४५ ग्रॅम बी पडायला हवे. एखाद्या पिशवीत शंभर ग्रॅमच भरले तर ती नळी, ती चकती तपासा. मग पिशव्या सोडा, दहा पावले पेरा, माती हाताने बाजूला करा आणि टेपने खोली मोजा. सोयाबीन तीन ते पाच सेंमीच्या खाली जाता कामा नये. भारी जमिनीत खोल पडलेल्या बियाण्यावर जोराचा पाऊस आला तर वर पापडी धरते आणि उगवण कमी होते. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरत असाल तर वरंब्यावरच्या कडेच्या ओळी आवर्जून मोजा. तिथे खोली कमी-जास्त होण्याची शक्यता अधिक असते.

डिझेलमध्ये हवा धरल्यास

टाकीत डिझेल फार कमी झाले किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि इंजिन बंद पडते. पारंपरिक पंपाच्या ट्रॅक्टरवर ही हवा शिवारात काढता येते. टाकी भरा, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, हाताचा प्रायमर दाबत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा आणि स्टार्टर मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका; मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीही बसेल.

५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना २०२३ पासून नवे प्रदूषण मानक लागू झाले आहे. त्यातील अनेक इंजिनांत कॉमन रेल पद्धत आहे. त्यांच्या उच्च दाबाच्या नळ्या शिवारात सैल करू नयेत. त्या डिझेलचा दाब कातडी भेदून आत जाईल इतका असतो. अशा ट्रॅक्टरला फिल्टर वेळेवर बदलणे, पाणी वेगळे करणारा कप रोज पाहणे आणि टाकी पावपेक्षा खाली न जाऊ देणे हाच उपाय.

हायड्रॉलिकच्या नळीलाही हाच नियम. गळती कुठे आहे हे हात फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

टायर आणि जॅक

वेड्या बाभळीचा काटा पुढच्या चाकात जाणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. पुढचे चाक आणि ट्रॉलीचे चाक शिवारात उतरवता येते. पंक्चरचे साहित्य, दोन टायर लिव्हर, हवेचा पंप, व्हॉल्व्हच्या सुया आणि हवा मोजायचे मापक ठेवा. पुढच्या चाकाची एक ट्यूब घरी तयार असावी. मागच्या चाकात पाणी भरलेले असेल तर ते फार जड असते; ते एकट्याने सोडवू नका, टायरवाल्याला बोलवा.

जॅक किमान पाच टनांचा घ्या. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे दोन टन भरतो, पण अवजाराचे वजन आणि तिरकी जमीन यांसाठी अंतर ठेवावे लागते. ओल्या काळ्या मातीत नुसता जॅक लावला तर ट्रॅक्टर वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. जॅकचा तळ १२ सेंमी लांब-रुंद असेल आणि त्यावर एक टन भार आला, तर जमिनीवर दर चौरस सेंमीला सात किलो दाब पडतो. खाली एक फूट लांब-रुंद फळी ठेवली तर तोच दाब सुमारे एक किलोवर येतो. म्हणून दोन इंच जाडीची बाभळीची फळी जॅकला दोरीने बांधूनच ठेवा, म्हणजे विसरणार नाही. सोबत चाकांना लावायला दोन आणि आधाराला दोन लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचे नाही.

काळ्या रानात रुतल्यावर

गोदावरी, मांजरा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या काठची जमीन भारी आहे. पावसानंतर पाणंद रस्त्यावरही ट्रॅक्टर रुततो. पेटीसोबत खोरे, टिकाव, दोन मजबूत फळ्या, कडीसह साखळी किंवा वायर रोप आणि वजन सहन करण्याची क्षमता कोरलेल्या दोन डी-कड्या ठेवा.

रुतल्याचे लक्षात येताच चाक फिरवणे थांबवा. जितके फिरवाल तितके ते खाली जाते. मग या क्रमाने करा :

- अवजार किंवा ट्रॉली सोडवा.
- चाकामागची माती उतार देऊन काढा.
- तुराट्या, पऱ्हाट्या किंवा फळी चाकाखाली सारा.
- डिफरन्शियल लॉक चाक फिरू लागण्याआधी लावा, तो लागलेला असताना वळू नका.
- ट्रॅक्टर पुढे न काढता मागे काढा.

पुढे काढताना चाके जमिनीत अडकलेली असतील तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो चालकावर मागे उलटू शकतो. याला सेकंदभरही लागत नाही, उडी मारायला वेळ मिळत नाही. चाकाला ओंडका बांधून बाहेर काढण्याची पद्धत याच कारणाने जीवघेणी आहे.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर ओढणाऱ्याने साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलच्या वर लावली तर ओढणारा ट्रॅक्टर उलटतो. झटका देऊ नका, साखळी हळू ताणा. वायर रोपवर मधोमध ओले पोते टाका, म्हणजे तुटली तर ती उसळणार नाही. रोप जितकी लांब आहे, त्याच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. गावात ट्रॅक्टर रुतला की मुले जमतात. त्यांना आधी बांधावर पाठवा.

जमीन बदलली की यादी बदलते

माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात आणि कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, उदगीरच्या बालाघाट पट्ट्यात मुरमाड, दगडगोट्यांची राने बरीच आहेत. तिथे रुतण्याचा प्रश्न कमी. फाळाचे टोक, दात्यांचे बोल्ट, शिअर बोल्ट आणि टायर कापले जाणे हे प्रश्न जास्त. तिथे हे भाग दुप्पट ठेवा.

मांजरा काठच्या उसाच्या भागात आणि अर्धापूर-मुदखेडच्या केळी पट्ट्यात हिवाळाभर ट्रॉली रस्त्यावर असते. तिथे ट्रॉलीच्या जोडणीची पिन, सुरक्षा साखळी, मागचे दिवे, लाल परावर्तक पट्ट्या आणि परावर्तक त्रिकोण हे पेटीतले पहिले साहित्य. रस्त्यात बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. चाकामागे लावलेला दगड काम झाल्यावर रस्त्यावरून उचला. त्याऐवजी लाकडी ठोकळा वापरलेला बरा.

फवारणीच्या दिवसांत नोझल, गाळण्या, ओ-रिंग, एक जुना दात घासायचा ब्रश, हातमोजे आणि हात-डोळे धुण्यासाठी वेगळे पाणी ठेवा. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका.

दुरुस्तीआधीचे नियम आणि प्रथमोपचार

कोणत्याही दुरुस्तीआधी अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे किंवा पदराचे टोक अडकले तर सोडवायला वेळ उरत नाही. शाफ्टवरचे कव्हर तुटले असेल तर ते सुट्या भागांच्या यादीत पहिले लिहा. रेडिएटर तापलेले असताना झाकण उघडू नका. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा, मग जाड कापड ठेवून थोडे-थोडे फिरवा.

प्रथमोपचार डबीत निर्जंतुक पट्ट्या, कापूस, रुंद बँडेज, जंतुनाशक, कात्री, ओआरएसची पाकिटे ठेवा. जखमेवर ग्रीस, डिझेल किंवा हळद लावू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन, दाबून पट्टी बांधा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

सर्पदंश झाल्यास माणसाला झोपवून शांत ठेवा, अंगठी-कडे काढा, दंशाचा हात किंवा पाय लाकडाचा आधार देऊन हलणार नाही असा बांधा आणि १०८ ला फोन करा. वर घट्ट दोरी आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांपैकी काही करू नका. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळते. लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. बाहेरचे उपाय करण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

जूनमध्ये विजा फार पडतात. गडगडाट ऐकू आला की दुरुस्ती अर्धवट सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा.

पेटी कशी ठेवावी

झाकणाची, कुलूप लागणारी लोखंडी पेटी घ्या आणि ती ट्रॅक्टरला बोल्टने पक्की करा. चालकाच्या पायाजवळ सुटी पेटी ठेवू नका. ती सरकून ब्रेकखाली अडकते. पाने जाड कापडाच्या खिशांच्या गुंडाळीत ठेवले तर खडखडत नाहीत आणि कोणता गेला ते लगेच दिसते. लहान भाग झाकणाच्या डब्यांत, प्रत्येकावर नाव. पावसाळ्यात हत्यारांना तेलाचा हात फिरवा. झाकणाच्या आत यादी चिकटवा, तिच्याखाली मेकॅनिक, सुट्या भागांचा दुकानदार आणि टायरवाला यांचे फोन नंबर. प्रत्येक हत्यारावर एकाच रंगाचा पट्टा मारा. शेजाऱ्याने नेलेला १९ नंबरचा पाना पेरणीच्या दिवशीच आठवतो, रंग असला की मागायला संकोच वाटत नाही.

वापरलेला भाग त्याच आठवड्यात परत भरा. एकदा नीट भरलेली पेटी दुसऱ्या वर्षी निकामी होते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

गटाची आणि कार्यकर्त्यांची पेटी

शेतकरी गट किंवा अवजार बँक असेल तर महागडे आणि क्वचित लागणारे साहित्य सामाईक ठेवा : मोठा जॅक, वायर रोप, डी-कड्या, हवेचा कॉम्प्रेसर, बेअरिंग काढायचा पुलर. पिना, बोल्ट, बेल्ट मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असावेत. भाड्याने दिलेल्या प्रत्येक अवजारासोबत त्याची डबी आणि यादी द्या, परत घेताना मोजून घ्या.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी जीप किंवा दुचाकीवर पेरणी तपासणीची डबी जरूर ठेवावी : टेप, वजनकाटा, पिशव्या, जोडकड्या, स्प्लिट पिना, मूठभर बोल्ट. शेतकऱ्याचे यंत्र बांधावर थांबलेले असताना एक पिन देणारा कार्यकर्ता पुढे बीजप्रक्रियेविषयी सांगतो, तेव्हा त्याचे ऐकले जाते.

वर्षाचे वेळापत्रक

- मे दुसरा आठवडा : फेरी, यादी, खरेदी. पेरणी यंत्र चालवून पाहणे.
- जून पहिला आठवडा : फॅन बेल्ट, फिल्टर, बॅटरी, टायरची हवा तपासणे. ५० मीटरची बियाणे चाचणी.
- ऑगस्ट : फवारणीचे भाग, हातमोजे.
- सप्टेंबर अखेर : मळणी यंत्राचे बेल्ट, ग्रीस, कव्हर; रब्बीच्या चकत्या.
- नोव्हेंबर : ट्रॉलीचे दिवे, परावर्तक, जोडणीची पिन.
- फेब्रुवारी : नांगराचे फाळ, बोल्ट, हत्यारांना तेल.

गिअरबॉक्स, क्लच, इंजेक्टर, हायड्रॉलिक पंप आणि स्टिअरिंग शिवारात उघडू नका. त्यात एकदा माती शिरली की मूळ दुरुस्तीपेक्षा नंतरचा खर्च मोठा होतो. ही कामे मेकॅनिककडे, शक्यतो मे महिन्यातच, उरकून घ्या.